दारावरचे कोरे टॉवेल

आमच्या भागात घरात मयत झाली की कर्त्या पुरुषाला टॉवेल-टोपी देतात. देणारा सांत्वनाचं काही बोलेलच असं नाही, पण टॉवेल देतो. माझी पत्नी गेली तेव्हा मलाही मिळाले. गुलाबी, पोपटी, पिवळे, काठाला चमकत्या दोऱ्याची पट्टी असलेले, आणि सगळे इतके खळ लावलेले की भिंतीला टेकवले असते तर उभे राहिले असते. त्यांतले काही माझ्या ओळखीचे होते. ते याआधी आमच्याकडे येऊन गेले होते आणि आम्हीच ते पुढे कुणाच्या तरी दारावर नेऊन दिले होते. हे टॉवेल अंग पुसायला विणलेलेच नसतात. एका दुःखाच्या घरातून दुसऱ्या दुःखाच्या घरी जाणं, एवढंच त्यांचं काम.

कोणता टॉवेल कुणाच्या मयतीचा, हे माझ्या पत्नीला पाठ असे. कुठे दारावर बसायला जायचं असलं की मी कपाटातून एखादा उचलायचो आणि ती स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "हाऊ नको. हाऊ त्यास्नाच घरना शे." अशा चुकीमुळे दोन घरांतलं बोलणं बंद पडल्याची उदाहरणं तिच्याकडे होती. ती गेल्यावर मला कळलं, की ही माहिती दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. मी शहाद्याला कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तकं कुणी नेली आणि कुणी परत केली नाहीत हे सांभाळण्यात नोकरी गेली, पण घरातल्या टॉवेलांचं एवढं मोठं शास्त्र मी कधी विचारून घेतलं नाही.

अंगणात मंडप घातला होता. त्याचे अध्यक्ष माझे मामेसासरे, म्हणजे पत्नीचे मामा. अध्यक्षपद त्यांना कुणी दिलं नव्हतं. ते आले, खांबाजवळची हाताची खुर्ची घेऊन बसले आणि पद निर्माण झालं. मामा निवृत्त मुख्याध्यापक. चहा मागायचा असला की ते अहिराणीत बोलत आणि सल्ला द्यायचा असला की पुस्तकी मराठीत. चहा ते कमी पीत.

मंडपात बसणाऱ्यांचं मुख्य काम म्हणजे माणूस कशाने गेलं ते ठरवणं. डॉक्टरांनी ते आधीच ठरवून कागदावर लिहून दिलं होतं, पण तो एकट्या माणसाचा निर्णय. मंडपात चर्चा होते. कुणी म्हणालं, प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी. कुणी म्हणालं, पपईवरची फवारणी. समोरच्या इमारतीवर मोबाईलचा टॉवर होता, त्याच्याकडे बोट दाखवून एक जण बराच वेळ गप्प बसला आणि तेवढ्यानेच त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. एक पाहुणे म्हणाले, तिने उपास फार केले. त्यांच्या शेजारचे म्हणाले, तिने उपास केलेच नाहीत. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली.

पण एकमत झालं ते सुईवर. पत्नीला गाठ लागली, सुरतला नेलं, गाठीत सुई घालून तुकडा काढला, ऑपरेशन झालं, औषधं झाली, पुढे आजार यकृतात आणि हाडांत निघाला आणि ती गेली. मंडपाने यातल्या मधल्या पायऱ्या गाळल्या. सुई टोचली आणि ती गेली. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं, तसलाच हा न्याय.

"गाठीला छेडायचं नसतं," मामा म्हणाले. "वारुळात काठी घालू नये, हे आपल्या पूर्वजांना कळत होतं. आजच्या डॉक्टरांना कळत नाही."

पूर्वजांच्या वेळी त्या आजाराचं काय होत असे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने मंडपात ऐकायचं असतं.

खरं तर मला एक गोष्ट माहीत झाली होती आणि ती कुणाला तरी सांगावी असं फार वाटत होतं. पत्नीच्या तपासणीच्या कागदात एक शब्द होता, डेस्मोप्लास्टिक. डॉक्टरांनी बाकी सगळं समजावलं, तेवढा शब्द राहून गेला. न कळलेला शब्द सोडून पुढे जायची मला सवय नाही. ती औषधाच्या गुंगीत झोपलेली असायची आणि मी पलंगाशेजारी बसून वाचायचो. हळूहळू उलगडलं, की तो शब्द कॅन्सरबद्दल नव्हताच. तो शेजाराबद्दल होता.

शरीरात पेशी काही हवेत लटकलेल्या नसतात. त्यांच्याभोवती प्रथिनांचं विणकाम असतं. कोलॅजेनचे दोर, फायब्रोनेक्टिनचे चिकट धागे, आणि पेशींच्या रांगेखाली अंथरलेली एक बारीक चटई. या सगळ्याला मराठीत काय म्हणतात ते मी परिभाषा कोशात पाहिलं. जो शब्द मिळाला तो ऐकून पेशीसुद्धा जागच्या जागी थबकली असती, म्हणून मी नुसतं जाळं म्हणतो. जाळ्याचं काम पेशीला धरून ठेवणं आणि तिने कसं वागायचं हे तिला सांगत राहणं. जखम झाली की काही पेशी धावून येतात, तिथे नवे दोर घालतात, जखम आवळतात आणि परत जातात. कॅन्सरची गाठ याचाच फायदा घेते. इथे जखम आहे, असा निरोप ती सतत देत राहते. भली माणसं धावून येतात आणि दोर घालत बसतात. परत जा असं त्यांना कुणी सांगतच नाही. दोरांवर दोर, दोरांना गाठी, आणि सगळं टणक होत जातं. हाताला जो कडकपणा लागतो तो पुष्कळसा या मदतीचा असतो. आणि त्या कडकपणाचाच गाठीतल्या पेशींना आणखी वाढायला हुरूप येतो.

हे वाचताना मला नातेवाईक आठवायचे, असं म्हटलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. पण आठवायचे.

पलीकडच्या घरातल्या वहिनी या मदत करणाऱ्यांतल्या. साखळी पद्धतीने विक्री करणाऱ्या एका कंपनीची कोलॅजेनची पावडर विकायला त्यांनी नुकतीच सुरुवात केली होती आणि दुःखाच्या घरी जाऊन बसण्यात त्यांना आता दुहेरी अर्थ सापडला होता. त्या डोक्यावर पदर घेऊन आल्या, आत बायकांत बसून रडल्या. रडणं खरं होतं, पत्नीची आणि त्यांची मैत्री होती. मग डोळे पुसून ओसरीवर माझ्यापाशी आल्या आणि पिशवीतून डबा काढला.

"भाऊ, आता बोलून उपयोग नाही. पण आमच्या वहिनींना कोलॅजेन कमी पडलं."

"तिच्या कागदात तर जास्त झालं असं होतं," मी म्हणालो.

वहिनींनी पदर सारखा केला. कंपनीच्या बैठकीत हा प्रश्न झालेला नसावा. "ते वाईट कोलॅजेन," त्या म्हणाल्या. "हे चांगलं."

खाल्लेलं कोलॅजेन पोटात गेल्यावर डाळीसारखंच पचतं, ते पत्ता विचारत कुठल्या अवयवात जात नाही, आणि त्याने कॅन्सर होतही नाही आणि बराही होत नाही, एवढं मला सांगायचं होतं. तेवढ्यात माझं लक्ष डब्यावरच्या चित्राकडे गेलं. त्यावर मासा होता. वहिनींचंही गेलं. सुतकाच्या घरात मासा. त्यांनी डब्यावर पदर घेतला. पण मामांनी पाहिलं होतं आणि निर्णयाची वेळ आली होती. मामांनी डबा हातात घेतला, चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "पावडर झाल्यावर मासा राहत नाही." डबा आत गेला.

तो डबा आत गेला आणि एक बातमी बाहेर आली. माझी मेहुणी, पत्नीची धाकटी बहीण, म्हसावदहून येऊन सुतक फिटायच्या गंधमुक्तीपर्यंत आमच्याकडेच राहिली होती. वहिनींनी आत बायकांना पावडरीचे फायदे सांगितले तेव्हा हिने हळूच विचारलं, की यानं गाठ जाते का. कुणाची? तर तिची स्वतःचीच. वहिनींनी तिला कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला आणि संध्याकाळपर्यंत मंडपात सगळ्यांना माहीत होतं. मला सगळ्यांत शेवटी कळलं, कारण माझ्यासमोर बोलताना लोक आवाज खाली आणत.

मग मंडपाची बैठक बसली. मेहुणी आत, चर्चा बाहेर. शरीराच्या ज्या भागात गाठ होती त्याचं नाव घेणं कुणालाच जमेना. "तिथं," एक जण म्हणाला. "वरच्या अंगाला," दुसऱ्याने स्पष्ट केलं. मामांनी दोन्ही दुरुस्त करून "छातीच्या प्रदेशात" असं म्हटलं, आणि भूगोलाचा तास असल्यासारखी सगळ्यांनी मान डोलावली. माझा साडू, मेहुणीचा नवरा, त्याच दिवशी पपईची गाडी भरून देऊन आला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मोठा मानसे सांगतीन तसं."

मोठ्या माणसांनी ठरवलं. सुई नाही. आधी लेप लावून गाठ मऊ करायची. लेप देणारा माणूस एकाच्या ओळखीचा होता. गाठ मऊ झाली तर उत्तमच, नाही झाली तर पपईचा हंगाम संपल्यावर पाहू. "एक मुलगी सुईने घालवली," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर फाटला. "दुसरी घालवायची नाही."

मला राग येईना, हीच अडचण होती. या माणसाने माझ्या पत्नीला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं. तो वैरी असता तर सोपं झालं असतं. तो दोर घालत होता.

मी बोलायचं ठरवलं. उभा राहिलो. एरवी मी उभा राहिलो की लोकांना वाटतं मी पाणी प्यायला निघालो आहे, त्यामुळे दोघातिघांनी पाय आखडून वाट दिली. मी "वस्तुतः" या शब्दाने सुरुवात केली आणि तिथेच हरलो. तरी बोललो. सुईने आजार पसरत नाही, डॉक्टर तो विचार करूनच सुई घालतात, सुईशिवाय गाठ साधी की वाईट हे पक्कं कळत नाही, आणि गाठ वाईट असेल तर ती वाट बघत बसत नाही. मग जाळ्याबद्दलही बोललो. कोलॅजेन हा शब्द आला तेव्हा वहिनींचे डोळे चमकले, बाकी कुणाचे नाहीत.

"जावईबापू," मामा मायेने म्हणाले, "तुम्ही ग्रंथपाल आहात. पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते तुम्ही सांगा. आत काय लिहिलंय ते वेगळं."

सगळे हळहळले. बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असा एक सूर निघाला. मला खाली बसवून पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडप जेवणानंतर पेंगत होता. मी मागच्या खोलीत गेलो तर मेहुणी जमिनीवर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. खळीमुळे घडी बसत नव्हती, टॉवेल पुन्हा पुन्हा उघडत होता. मी दाराशी स्टुलावर बसलो. आमच्यात असल्या विषयावर बोलायची रीत नाही, म्हणून दोघंही टॉवेलांकडे बघत होतो.

"दाजी, एक इचारू?"

"इचार."

"सुईनीच मारं का तिले?"

"नही."

"पुस्तकमा लिखेल शे म्हनीसन सांगतस, का तुम्हले माहीत शे?"

"पुस्तकमा लिखेल शे. डॉक्टरनी बी तेच सांगं. मी काही देखेल नही."

हे उत्तर तिला बहुतेक आवडलं. मंडपात कालपासून कुणीच 'मी पाहिलेलं नाही' असं म्हणालं नव्हतं. तिने हातातली घडी सोडली.

"मंग ती पसरनी कशी?"

मी तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि जमिनीवर सपाट पसरला. सांगितलं, हे जाळं. धागे सगळे आडवेतिडवे, विणीत गुंतलेले. यातून कुणाला पळायचं म्हटलं तर वाट नाही. मग मधोमध कापड चिमटीत धरलं आणि पिळलं. चिमटीपासून चारी बाजूंना चुण्या पडल्या, सरळ, ताठ, काठापर्यंत गेलेल्या. गाठ असंच करते, म्हणालो. भोवतालचं जाळं स्वतःकडे ओढते. ओढलं की वेडेवाकडे धागे सरळ होतात. सरळ धागा म्हणजे रस्ता. गाठीतल्या पेशी त्या धाग्यांना धरून बाहेर चालायला लागतात. जिथे अडेल तिथे जाळं कापायची कात्रीही त्यांच्याकडे असते. तीच कात्री चांगल्या पेशी जखम भरताना वापरतात. आणि काही वेळा तर त्या दूरच्या अवयवात पोचायच्या आधीच तिथलं जाळं त्यांच्यासाठी तयार होऊ लागतं, मोठा पाहुणा यायच्या आधी सतरंज्या टाकायला माणसं पुढे जावीत तसं.

तिने वाकून चुण्यांवरून बोट फिरवलं. चिमटीपासून काठापर्यंत.

"म्हंजे वाट सुईनी करी नही. गाठनीच करी."

"हा."

"आनि आजूबाजूनास्नी दोर ताणी धरात."

"हा."

"मंडपमा बठेल शेतस त्यास्ना मायक," ती म्हणाली. पत्नी गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मी चिमटी सोडली. खळीमुळे चुण्या तशाच राहिल्या.

"तिन्ही बी अशीच व्हती का? कच्ची सुपारीगत?"

"हा. पन तशी गाठ साधी बी ऱ्हास. म्हनीसन तं सुई."

ती बराच वेळ एक टोपी उलटीसुलटी करत बसली. "माले मराना भ्याव नही वाटस, दाजी," ती शेवटी म्हणाली. "माले भ्याव याना शे, की सुई टोची आनि मी गऊ, तं ह्या लोके आठेच बठीसन म्हनतीन, आम्ही सांगं व्हतं. मंग मन्ही पोरले कोनी दवाखानामा जाऊ दी का?"

तिच्या मुलीची दहावी चालू होती, ती म्हसावदलाच राहिली होती. मी म्हणालो, तू ठरव, मी सोबत येईन. हे वाक्य फार लहान वाटलं. तिने ते ऐकलं की नाही तेही कळलं नाही. तो चुण्या पडलेला टॉवेल तिने घडी न घालताच बाजूला ठेवला.

गंधमुक्तीच्या दिवशी कपाळाला गंध लावतात, डोक्यावर नवी टोपी चढवतात आणि सुतक फिटतं. पण आमच्या घराण्यात त्यानंतर एक रीत उरते. ज्याची बायको गेली त्याचा पाय बाहेर काढावा लागतो. तिच्या माहेरच्या कुणीतरी त्याचा हात धरून त्याला फाटकाबाहेर न्यायचं, गावाची शीव ओलांडायची, तिथे कुठेतरी पाणी पाजायचं, मग तो पुन्हा बाजारहाट करायला मोकळा. एकदा हात धरला की फाटक ओलांडेपर्यंत कुणी बोलायचं नाही. बोललं तर गेलेल्याचा जीव दाराशी अडकतो. बहुतेक लोक प्रकाशाला जातात, तापीकाठच्या त्या देवळांच्या गावी. मामांनी त्यासाठी जीपही सांगून ठेवली होती, आणि सकाळी मंडपात ही रीत तिच्या कारणांसहित समजावूनही सांगितली होती. न बोलण्याच्या नियमावर ते सगळ्यांत जास्त वेळ बोलले.

मला टोपी घातली. मामा माझा हात धरायला खुर्चीतून उठू लागले. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागतो. तेवढ्यात मेहुणी आतून आली, पुरुषांच्या मधून सरळ चालत आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. एका हातात पिशवी होती.

"दाजीस्ना पाय मी काढस," ती म्हणाली.

"बाई मानूस?" मामांची मराठी निसटली.

"माहेरनं कोनी बी, असंच सांगं ना तुम्ही सकायले? मी माहेरनीच शे."

मामांनी विचार केला. शास्त्रात अडचण नव्हती. "बरं. प्रकाशाला जाऊन या."

"आम्ही सुरतले जातस."

"सुरतले कोनतं देऊळ शे?"

"सुईनं," ती म्हणाली आणि तिने माझं मनगट धरलं.

मामांचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. त्यांना जे म्हणायचं होतं ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण तिच्या हातात माझं मनगट होतं आणि नियम त्यांनीच सकाळी कारणांसहित समजावला होता. गेलेल्या भाचीचा जीव दाराशी अडकवायचा की जिवंत भाचीला सुईकडे जाऊ द्यायचं, असा तो पेच. मामा खाली बसले. आम्ही फाटक ओलांडलं. साडू मागून आला आणि त्याने बायकोच्या हातातली पिशवी घेतली. बाहेर वहिनी भेटल्या. सुतक फिटल्यामुळे त्यांना आता मोकळेपणी बोलता येत होतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, सुरतला आमच्या कंपनीचं ऑफिस आहे. येताना दोन डबे आणाल का?"

जीपने नंदुरबारला सोडलं, तिथून गाडी. नवापूर मागे पडलं तसे डब्यात गुजराती आवाज वाढले. मेहुणी खिडकीशी बसून होती. त्याच गाडीने तिच्या बहिणीला घेऊन मी कितीदा गेलो होतो. पत्नीच्या पिशवीत नेहमी एक जुना, धुऊन धुऊन पातळ झालेला टॉवेल असायचा. कोरा टॉवेल घाम टिपत नाही, नुसता इकडून तिकडे ढकलतो, असं ती म्हणायची. हे मी मेहुणीला सांगायला हवं होतं, पण सुचलं नाही.

दवाखान्यात बाकांची रांग होती आणि कोपऱ्यात थंड पाण्याचं यंत्र. मेहुणीने त्यातून कागदी पेल्यात पाणी भरून आणलं आणि माझ्यासमोर धरलं. "प्या. शीव कव्हयनीच गई," ती म्हणाली. मी ते प्यायलो. आजूबाजूचे लोक आपापल्या फायली सांभाळत बसले होते, कुणी पाहिलं नाही. माझा पाय बाहेर निघाला तो असा.

मग तिला आत बोलावलं. जाताना तिने पिशवीतून टॉवेल काढला, तोच पोपटी, मी चिमटीत पिळलेला. साडू दारासमोर उभा राहिला. त्याला बस म्हटलं तर तो बसला आणि लगेच उठला. "पपई उतरनी नहीत तं पिकी जातीस," तो म्हणाला, आणि हे आपण का म्हणालो ते कळत नसल्यासारखा माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, हो.

ती बाहेर आली तेव्हा टॉवेल अजून मुठीत होता. मुठीभोवती चुण्या पडल्या होत्या, सरळ, काठापर्यंत.

"दुखनं का?" साडूने विचारलं.

"मामास्ना भाषनइतलं नही," ती म्हणाली. मग टॉवेलकडे पाहून, "हाऊ घाम टिपस नही काई."

तपासणीचा निकाल यायला वेळ लागणार होता. तोपर्यंत शहाद्यात दोन्ही निकाल तयार होते. गाठ साधी निघाली तर, उगाच टोचलं. वाईट निघाली तर, टोचलं म्हणून निघाली. मंडप उतरवला होता, खुर्च्या परत गेल्या होत्या, पण लोकांना त्याची गरज राहिली नव्हती. फोन होते.

निकाल वाईट आला. गाठ कॅन्सरची होती, पण लहान होती. ऑपरेशन झालं तेव्हा कळलं, की ती काखेपर्यंत गेलेली नव्हती. भोवतालचे धागे ओढले जायला सुरुवात झाली होती, रस्ते आखले गेले होते, पण त्यावरून अजून कुणी लांब चाललं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. पुढचं कुणीच छातीठोकपणे सांगत नाही, त्यांनीही सांगितलं नाही. औषधं झाली, किरणांचा शेक झाला. आता तिच्या डोक्यावर बारीक केस आले आहेत, शाळेतल्या पोरासारखे. दहावी झालेली मुलगी त्यावरून हात फिरवते आणि तिला चिडवते. त्या मुलीला कुणी वेगळं समजवायची गरज उरली नाही. डॉक्टरांना काय काय विचारायचं, याची तिने स्वतःच आईला उजळणी करून दिली होती.

वहिनींनी गल्लीत सांगितलं, की मेहुणीने त्या दिवसांत पावडर दोन चमचे घेतली होती, म्हणून लांब गेलं नाही. त्यानंतर त्यांच्या डब्यांना मागणी वाढली असं म्हणतात. मामांनी काही महिने फोन केला नाही. मग एक दिवस केला. मेहुणी तपासणीला निघालेली होती, म्हणून आमच्याकडेच आली होती. मी फोन घेतला.

"जावईबापू," मामा म्हणाले. मग अहिराणीत, हळू आवाजात, चहासुद्धा ते इतक्या हळू मागत नसत. "मन्ही मानवर एक गाठ शे. भलती जुनी शे."

"दाखाडी या, मामा."

"त्या सुई टोचतीन?"

"टोचतीन बहुतेक."

"घरना जाऊ देतस नही," ते म्हणाले. "मीच सांगेल शे ना त्यास्ले, गाठले छेडानं नही म्हनीसन. आते कसं सांगू?" मग म्हणाले, "पाय काढाले कोनी ई का मन्हा?"

पाय बाहेर काढायची रीत मयतीनंतरची आहे, जिवंत माणसासाठी ती नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी फोन मेहुणीकडे दिला आणि मामा काय म्हणतात ते सांगितलं. ती पिशवी भरत होती. तिने फोन कान आणि खांद्यामध्ये धरला आणि हाताने काम चालूच ठेवलं.

"मामा, मी येस हात धराले," ती म्हणाली. "संगे टॉवेल आना. कोरा नको. धुयेल."